जिजाबाईनं घेतलेलं नाव

वाशीमच्या बाजारात भाजीवाल्या बायांची ओळ बसायची, त्या ओळीत जिजाबाईचा आवाज सगळ्यांत लांब जायचा. "सांभार घ्या वं, सांभार! आत्ता तोडून आनला, अजून त्याची झोप उडाली नाई!" असलं काहीबाही ती ओरडायची आणि बाया हसत हसत थांबायच्या. हसत थांबलेली बाई कोथिंबिरीची जुडी घेतल्याशिवाय सहसा पुढे जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अंगानं काटकुळी, रंगानं काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. भरली टोपली डोक्यावर घेऊन ती दोन कोस चालत यायची आणि वाटेत तिचं तोंड क्षणभरही बंद नसायचं.

मी तिला पाहिलं ते तिच्या उतारवयात. पण ज्या गोष्टीमुळे ती आमच्या गावाच्या लक्षात राहिली, ती माझ्या जन्माआधीची, सन चौतीस-पस्तीसची. माझी आई तेव्हा गावात नवी नवरी म्हणून आली होती. घडलं ते बहुतेक तिच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि उरलेलं जिजाबाईनं पुढे तिला स्वतः सांगितलं.

गावाच्या वेशीजवळ कडुनिंबाखाली मरीमायचा ओटा आहे. त्यावर शेंदूर फासलेली शिळा आणि शिळेला मेणानं बसवलेले चांदीचे दोन डोळे. एका पटकीच्या सालात गाव वाचलं म्हणून मारोतराव पाटलांच्या आईनं ते देवीला वाहिले होते. दर मंगळवारी दुपारी तिथं हलगी वाजायची आणि जिजाबाईच्या अंगात देवी यायची. विसाव्या वर्षी एकदा जत्रेत आली, ती पुढे येतच राहिली. केस सुटायचे, अंग थरथरायचं, आणि लोक एकेक करून आपलं गाऱ्हाणं मांडायचे.

देवीचा सल्ला मात्र मोठा व्यवहारी असायचा. गाय दूध चोरते म्हणून कुणी सांगितलं, तर देवी घुमत घुमत म्हणायची, "सरकी चार तिले! नुस्त्या कडब्यावर कोन्ती गाय दूध देते?" लेकरू खोकत असलं तर अडुळशाचा काढा. सासू-सुनेचं भांडण आलं तर, "दोन चुली मांडा." सल्ला लागू पडायचा, म्हणून लोकांची श्रद्धा वाढायची. जिजाबाईचा नवरा गुलाबराव मंगळवारी सगळ्यांच्या आधी पुढे होऊन बायकोच्या पायांवर डोकं ठेवायचा. बुधवारी सकाळी तोच तिला विचारायचा, भाकर काहून करपली म्हणून. कुणी हसलं की तो म्हणायचा, "मंगळवारची येगळी बाप्पा, बुधवारची येगळी."

गुलाबरावचा चुलतभाऊ नथ्थू. दोघांचे मळे शेजारी शेजारी आणि मधे एक सामाईक विहीर. मोटेच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. दिवस उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत एकाची पाळी, मग दुसऱ्याची. जिजाबाई लग्न होऊन आली तेव्हा नथ्थू आठ-दहा वर्षांचा होता, म्हणून ती या दिराला नावानंच हाक मारायची. माणूस अगदी कमी बोलणारा. त्याचे वाफे दोरी धरून काढल्यासारखे सरळ, आणि त्याची वांगी बाजारात टोपली खाली ठेवताच संपायची. तीही त्यानं एक शब्द न उच्चारता.

हे जिजाबाईला फार लागायचं. "मी इतकी वरडतो तवा माहा माल खपते, अन् या मुक्याचा आंदी सरते!" असं ती घरी आल्यावर नवऱ्याला ऐकवायची. गुलाबराव म्हणायचा, "त्याची वांगी कवळी असतात." मग त्या दिवशी त्याला आमटी जरा पातळ मिळायची.

त्या सालच्या चैत्रात विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली. एका मंगळवारी सकाळी पाळी नथ्थूची होती. उन्हं चढली, जिजाबाई कमरेला पदर खोचून पाटाजवळ येऊन उभी राहिली, तरी मोट नथ्थूच्याच वाफ्यांकडे रिकामी होत होती.

"नथ्थूभाऊ, पाळी सरली तुही."

"दोन वाफे राह्यले, वैनी."

"तुहे दोन वाफे होतवर माही भेंडी मरते!"

"मरत नाई," नथ्थू म्हणाला आणि खाली वाकून पुढच्या वाफ्याचं दार मोडायला लागला.

त्याच्या त्या शांतपणानंच तिचं डोकं फिरलं. पाटाच्या काठावर उभी राहून तिनं त्याला पान्याचा चोर म्हटलं, त्याच्या वांग्यांना किडे पडतील म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. नथ्थूनं दोन वाफे भरले, बैल सोडले आणि घरी गेला. जिजाबाई मात्र दुपारपर्यंत धुमसत राहिली. भाकरी थापताना, केस विंचरताना, ओट्याकडे जाताना एकच नाव तिच्या जिभेवर होतं.

ओट्यापाशी आल्यावर तिला कळलं की तिथं वेगळाच गोंधळ माजलाय. देवीचे डोळे गेले होते. जगदेवबुवा देवीची पूजाअर्चा करायचे. सकाळी शेंदूर लावायला आले तर शिळेवर डोळ्यांच्या जागी दोन खळगे. ओट्याखाली, झाडाच्या मुळांत, आजूबाजूच्या गवतात, सगळीकडे शोधून झालं होतं. मारोतराव पाटील येऊन बसले होते आणि अर्धं गाव जमलं होतं.

"देवीलेच इचारा," पाटील म्हणाले. हलगी वाजायला लागली.

माझी आई बायांच्या घोळक्यात उभी होती. ती सांगायची, त्या दिवशी देवी नेहमीपेक्षा लवकर आली आणि जोरात आली. जगदेवबुवांनी हात जोडून विचारलं, "माय, तुहे डोये कोनं नेले?"

जिजाबाईचे केस सुटले होते. ती घुमत होती.  मग ती ओरडली, "जो पान्याचा चोर, तोच डोयाचा चोर! नथ्थू! नथ्थू!"

हलगीवाल्याचा हात जागीच थांबला.

नथ्थू तेव्हा मळ्यात होता. पाटलांनी त्याला बोलावून घेतलं. तो आला, त्यानं ऐकलं, आणि एवढंच म्हणाला, "म्या नाई घेतले." कुणीतरी सुचवलं की त्याच्या घराची झडती घ्यावी. पाटलांनी हात हलवला. "देवीनं सांगतल्यावर झडती कायले पाहिजे?"

त्याला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. लोक फक्त बाजूला सरकले. गावात त्याची भाजी कुणी घेईना. बाजाराला जाणाऱ्या बैलगाडीत त्याच्या टोपलीसाठी जागा उरेना. त्याची बायको रुख्मिणी पाणी भरायला आली की बाया बोलणं थांबवायच्या. पण सगळ्यांत मोठा घाव वेगळाच होता. नथ्थूची मुलगी पंचफुला हिची सोयरीक वाशीमजवळच्या मालेगावच्या बबनरावांच्या घरी जवळजवळ ठरली होती. गावातून तिकडं कुणीतरी कळवलं, आणि तिकडून निरोप आला की सध्या थोडं थांबू, पुढं पाहू. या 'पुढं पाहू'चा अर्थ रुख्मिणीला कळत होता. ती चुलीपुढं बसून रडली. नथ्थू मळ्यात गेला आणि आधीच सरळ असलेले वाफे पुन्हा सरळ करत बसला.

इकडे जिजाबाईचा मान वाढला होता. मालेगावच्या रस्त्यानं लोक देवीला विचारायला यायला लागले. पहिले दोन-तीन दिवस तिला बरं वाटलं. मग तिची झोप उडाली नाही, भूकही मेली नाही, पण एक विचित्र गोष्ट झाली. बाजारात तिला ओरडवेना. तोंड उघडायची आणि अर्ध्यावर थांबायची. शेजारची भाजीवाली म्हणाली, "काय झालं वं? घसा बसला का?" "व्हय," ती म्हणाली, "बसला."

एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, "अवो, नथ्थूनं खरंच घेतले असतीन का?"

गुलाबराव खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "देवीनं सांगतलं नं? मंग तू कायले जीव जाळून राह्यली? तुहा त्यात काय संबंध?"

तिला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण ते तिच्या घशाखाली उतरलं नाही.

अकरा दिवस गेले. शनिवारी सकाळी जिजाबाई खुरपं घेऊन दोडक्याच्या वेलाची माती मोकळी करायला बसली. कुंपणाच्या कडेला तिचे चार वेल होते. दर सोमवारी संध्याकाळी देवीचा ओटा झाडून, आठवड्याची वाळलेली फुलं आणि हार ती पदरात घेऊन यायची आणि या वेलांच्या मुळाशी घालायची. देवाचं फूल कुणाच्या पायाखाली येऊ नये, आणि वेलालाही खत मिळावं, असे दोन हेतू. तिनं कुजलेल्या झेंडूचा एक गोळा खुरप्यानं उलटला. मातीतून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

ती मागे सरकून धपकन बसली. मग धीर करून तिनं माती चाळली. दुसरा डोळा वाळलेल्या हाराच्या दोऱ्यातच अडकलेला निघाला. मागे मेणाचा गोळा चिकटलेला, उन्हानं मऊ होऊन पुन्हा घट्ट झालेला. आणि तिला तो सोमवार आठवला. दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची घाई होती, दिवस मावळत होता, आणि शिळेला चिकटलेला हार तिनं खस्सकन ओढून काढला होता.

गुलाबरावला तिनं मळ्यातूनच हाक मारली. त्यानं तळहातावरचे डोळे पाहिले, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोनं पाह्यलं नाई नं? हे घे, पदरात बांध. दुपारच्या पारी ओट्यावर कोनी नसते. गुपचाप लावून येऊ. देवीचे डोये देवीपाशी गेले, झालं."

"अन् नथ्थू?"

"नथ्थूचं मंग पाहू."

जिजाबाईनं डोळे पदरात बांधले आणि ती तडक जगदेवबुवांच्या घरी गेली. बुवा ओसरीवर वाती वळत बसले होते. डोळे पाहताच त्यांनी कपाळाला लावले. सगळी हकिकत ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जिजाबाई, हे तर लय मोठं काम झालं! आपून म्हनू, देवीनं सोताचे डोये सोता वापस आनले. चमत्कार! नाई तं असं म्हनू, नथ्थू देवीले भेला अन् त्यानं रातोरात आनून टाकले. मंग देवी त्याले माफ करीन. तोबी सुटला, तूबी सुटली, अन् जत्रेले पंचक्रोशी लोटते पाह्य."

"पन त्यानं घेतलेच नवते, बुवा. म्या फेकले."

"तू कुठं फेकले? हारासंगं गेले. देवीची मर्जी!"

"अन् त्याचं नाव? ते कोनं घेतलं?"

"देवीनं."

जिजाबाई ओसरीच्या पायरीवर बसली. पुढचं जे ती बोलली, ते तिनं माझ्या आईला शब्द न् शब्द सांगितलं होतं.

"बुवा, देवी माह्या अंगात येते का नाई, अन् आली तं किती येते, हे तिले ठाऊक. मले ठाऊक नाई. पन नथ्थूचं नाव त्या दिवशी सकाळपासून माह्या तोंडात होतं. पाटावर भांडली तवापासून. मी आली तवा ते संगं घेऊनच आली. तोंड उघडलं अन् ते बाहेर पडलं. देवीले असा माल मी पुरवला, अन् आता तिच्याच माथी मारू?"

बुवांनी हातातली वात खाली ठेवली. मग काळजीनं म्हणाले, "असं सांगतलं तं लोक देवीले मानतीन का?"

"मानतीन. देवी काय माह्या तोंडावर बसली हाय का? मले नाई मानलं तरी चालते."

डोळे परत पदरात बांधून ती तशीच नथ्थूच्या मळ्यात गेली. गुलाबराव मागोमाग, चार पावलांच्या अंतरानं. नथ्थू वांग्याच्या ओळीत पान उलटून कीड बघत होता. रुख्मिणी बांधावर बसून पेंढ्या बांधत होती. जिजाबाईनं पदराची गाठ सोडली आणि डोळे त्याच्यापुढं धरले. कुठं सापडले, कसे गेले, सगळं सांगितलं. एरवी भरधाव चालणारी तिची जीभ त्या दिवशी ठेचकाळत चालली होती.

रुख्मिणी उठून उभी राहिली. "बाई, तुमी माह्यापेक्षा मोठ्या. माहं बायतपन तुमी केलं. तुमच्याच हातात माही पंचफुला झाली. अन् तिचीच सोयरीक तुमी मोडली!" एवढं बोलून तिला हुंदका आला. जिजाबाई खाली मान घालून उभी राहिली. 

नथ्थूनं हातातलं वांग्याचं पान सोडलं. मग म्हणाला, "वैनी, माहं नाव तू घुमून घेतलं. गावापुढं घेतलं. आता मले इथं सांगून काय उपेग? मंगळवारी सांग. तिथंच. हलगी वाजव, गाव जमा कर. पन देवीले आनू नको. एकटी ये."

माझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे नथ्थूनं आयुष्यात केलेलं हे सगळ्यांत लांब भाषण.

मंगळवारी ओट्यापुढं उभं राहायला जागा नव्हती. डोळे सापडल्याची कुणकुण गावभर झाली होती, आणि आता देवी काय सांगते हे ऐकायला आजूबाजूच्या वस्त्यांतूनही लोक आले होते. हलगी सुरू झाली. जिजाबाई पुढं आली. हलगीच्या तालावर तिचं अंग इतकी वर्षं हललं होतं, ते सवयीनं हलायला लागलं. पाय थरथरले. मान एकदा डावीकडं गेली, एकदा उजवीकडं. लोकांनी हात जोडले. तेवढ्यात तिनं कडुनिंबाच्या बुंध्याला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ओरडली, "अरे थांबव रे बापा ते वाजवनं!"

हलगी थांबली. ती तशीच झाडाला धरून, धापा टाकत उभी राहिली. मग वळली, सुटलेला अंबाडा तिनं घट्ट बांधला आणि म्हणाली, "आज देवी नाई आली. आज जिजाबाई आली हाय. ऐका."

आणि तिनं सांगितलं. हार कसा ओढला, डोळे कुठं सापडले, पाण्यावरून भांडण काय झालं, नाव कुठून आलं. "नथ्थूनं काई घेतलं नाई. देवीनं त्याचं नाव घेतलं नाई. म्या घेतलं. चूक माही हाय, अन् मी नथ्थूची, रुख्मिणीची अन् पंचफुलाची माफी मांगतो."

 मग सत्तरीच्या मनकर्णाबाईनं हात जोडले आणि भक्तिभावानं म्हणाली, "पाह्यलं का? देवी कशी बोलून राह्यली! आज शांत रूपात आली माय!"

"व्हय व्हय," चार जणी म्हणाल्या आणि ओट्यापुढं वाकल्या.

"अवं नाई वं माय!" जिजाबाई कळवळून ओरडली. "मी हावो, मी! देवी नाई!"

"ते बी देवीच म्हनते," मनकर्णाबाई शेजारणीला म्हणाली.

जिजाबाईला रडावं का हसावं कळेना. पाटीलही बुचकळ्यात पडले. ते म्हणाले, "जिजाबाई, आमी कसं ओळखावं? त्या मंगळवारी देवी होती, अन् आज नाई, हे कशावरून?"

तेव्हा इतका वेळ मागं उभा असलेला गुलाबराव गर्दीतून वाट काढत पुढं आला. "पाटील, मी सांगतो. देवी आली की सगळ्याच्या आंदी मी हिच्या पाया पडतो. पंचवीस सालं झाले, एक मंगळवार चुकला नाई. आज मी पाया पडलो नाई. ही मंगळवारची नाई, ही बुधवारची हाय. हिले मी ओळखतो."

लोक खो खो हसले. मनकर्णाबाईसुद्धा हसली. आणि त्या हसण्यात गावाला ते पटलं.

पण नथ्थू हसला नव्हता. तो पाटलांपुढं येऊन उभा राहिला. "पाटील, वैनीनं तिचं सांगतलं. आता मालेगावचं सांगा. मालेगावले निरोप कोनं धाडला? देवीनं?"

मारोतराव पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. आजूबाजूला पाहिलं. लोक त्यांच्याकडंच बघत होते. माणूस मोठा मानी होता, पण त्या दिवशी एका भाजी विकणाऱ्या बाईनं झाडाला धरून जे केलं होतं, ते अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. त्यापुढं 'देवीनं सांगितलं म्हणून' हे त्यांनाही म्हणवेना.

"म्या धाडला," ते म्हणाले. "झडती घ्यायची तेबी म्याच थांबवली. घेतली असती तं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि उठले. "उद्या दमनी जुंपतो. मी सोता जातो मालेगावले."

"मीबी येतो," जिजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाटलांची दोन बैलांची दमणी मालेगावला गेली. पुढं पाटील, मागं पंचफुलाच्या काळजीनं धास्तावलेला नथ्थू, आणि त्याच्यासमोर जिजाबाई. बबनरावांच्या ओसरीवर पाटील पाहुणचाराची, पाऊसपाण्याची प्रस्तावना करत होते, तेवढ्यात जिजाबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बबनराव शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, आज तुमी म्हनता तो चोर नाई. मांगं म्हनल्या चोर हाय. मी कोन्तं धरू?"

"कोन्तंच धरू नका," ती म्हणाली. "माहं ऐकून तुमी एकडाव फसले. आता सोता चाला. त्याचा मळा पाहा, त्याचं घर पाहा, पोर पाहा. मंग तुमाले वाटीन ते करा. मंग ते तुमचं."

बबनराव जातिवंत शेतकरी होते. ते त्याच दमणीतून आले. नथ्थूच्या मळ्यात शिरले आणि एक वाफा संपेपर्यंत चालत गेले. खाली बसून त्यांनी माती बोटांत चुरली, पाटाची उतरण पाहिली, वांग्याचं पान उलटून पाहिलं. मग नथ्थूला म्हणाले, "हे दार असं तिरपं काहून ठेवता?" नथ्थूनं सांगितलं. दोघंही बोलण्यात कंजूष, पण त्या दिवशी वाफ्यांवरून जे बोलत सुटले, ते रुख्मिणीनं जेवायला तीनदा हाक मारली तेव्हा उठले. वैशाखात पंचफुलाचं लग्न लागलं. वरातीत जिजाबाई इतकी नाचली की तिचा एक पैंजण कुठंतरी पडला, तो शेवटपर्यंत सापडला नाही, आणि तो कुणी नेला म्हणून तिनं कुणाला विचारलंही नाही.

मात्र रुख्मिणीचा राग लग्नानंही पुरता गेला नव्हता. जिजाबाई तिच्याकडं जाऊन म्हणाली, "तू सांग, मी काय करू?" रुख्मिणीनं विचार केला. म्हणाली, "बाई, ज्या तोंडानं तुमी यांचं वाईट सांगतलं, त्याच तोंडानं आता चांगलं सांगा. दसऱ्यापरेंत आमची वांगी तुमी विकायची."

आणि जिजाबाईनं विकली. बसलेला घसा एकदम सुटला. "नथ्थूची वांगी घ्या वं! हातात धरली तं लोन्यासारखी! असा मानूस नाई अन् असं वांगं नाई!" बाजारात बाया तिच्याभोवती गोळा व्हायच्या. तिची स्वतःची दोडकी मात्र टोपलीत तशीच राहायची आणि घरी परत यायची. पहिले आठ दिवस गुलाबरावनं दोन्ही वेळा दोडकं खाल्लं. नवव्या दिवशी तो नथ्थूच्या घरी जेवायला गेला. रुख्मिणीनं त्याच्या पानात वांगं वाढलं, आणि तो इतका भाविकपणे जेवला की तिलाही हसू आवरेना. दसरा यायच्या कितीतरी आधी ती जिजाबाईला म्हणाली, "बाई, आता पुरे. तुमची दोडकी विका."

देवीचं काय झालं, असं लोक माझ्या आईला नेहमी विचारायचे. पाच मंगळवार देवी आली नाही. सहाव्या मंगळवारी आली. पण जिजाबाईनं आधीच जगदेवबुवांना सांगून ठेवलं होतं, की गाय, खोकला, पेरणी, काय पाहिजे ते विचारा, पण कुणाचं नाव विचारायचं नाही. कुणी 'आमची कुऱ्हाड कोनं नेली' म्हणून आलाच, तर बुवाच त्याला परत पाठवायचे, "आंदी घरात पाह्य, मंग गोठ्यात पाह्य, मंग ये." बहुतेक माणसं परत यायची नाहीत. जत्रा काही लहान झाली नाही. बुवांची ती भीती खोटी ठरली.

मी कळत्या वयात आलो तेव्हा, सन सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास, जिजाबाईच्या अंगात येणं बंद झालं होतं. गुडघे धरले होते, पण बाजार सुटला नव्हता. शाळेत नुकतंच काहीबाही शिकलेलं होतं, त्या जोरावर मी तिला एकदा विचारलं, "मोठीमाय, खरं सांग, देवी खरंच यायची का?"

ती मेथीची जुडी बांधत होती. दोरा दातांनी तोडून म्हणाली, "येत असंन बाप्पा. तुह्यापाशी खोटं कायले बोलू? कदी कदी असं वाटे, कोनी तरी खांद्यावर हात ठेवला. पन हात ठेवनारी ठेवते. बोलनारी मी."

मग तिनं जुड्या टोपलीत रचल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि माझ्याकडं पाहिलं. "बसून काय राह्यला? उचलू लाग. अकोल्याच्या मोटारगाडीचे लोक उतरायच्या आत बाजारात पोचलं पाहिजे."

मी टोपलीला हात लावला. तिनं ती डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली, आणि वेशीपर्यंत पोचायच्या आतच तिचा आवाज सुरू झालेला मला ऐकू आला.